अडेनियमचा बुंधा भर पावसाळ्यात मऊ पडला तर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न असा: "चार वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेले अडेनियम (वाळवंटी गुलाब) दक्षिणेकडच्या गॅलरीत आहे. दोन उन्हाळे भरभरून फुलले. यंदा जुलैच्या मध्यापासून पाने पिवळी पडून गळाली आणि बुंधा एका बाजूने दाबला की मऊ लागतो. वाळवंटातले झाड म्हणून पाणी पूर्ण बंद केले, तरी फरक नाही. झाड वाचेल का? पाऊस त्याला मुळीच चालत नाही का? आणि नर्सरीवाल्यांकडे असतो तसा गुबगुबीत बुंधा घरी कसा करायचा?"

आधी झाड वाचवू, बाकीचे नंतर.

बुंधा मऊ लागण्याची कारणे दोन आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. तहानेने मऊ पडलेला बुंधा सगळीकडून सारखाच मऊ लागतो. तो थोडा आक्रसतो, सालीवर बारीक सुरकुत्या दिसतात, पण साल कोरडी आणि घट्ट धरलेली असते. अशा झाडाला पोटभर पाणी दिले की काही दिवसांत ते पुन्हा टणक होते. कुजल्याचा मऊपणा मात्र एका जागी असतो. तिथली साल गडद आणि ओलसर दिसते, नखाने सहज सरकते, आतून तपकिरी पाणी येते आणि कुबट वास सुटतो. एकच बाजू, भर जुलै आणि पिवळी पाने हे तुमचे वर्णन कुजण्याचे आहे.

तेव्हा झाड आजच कुंडीतून काढा, कारण ओल्या उबदार हवेत कूज झपाट्याने वर चढते. हातमोजे घाला. अडेनियम कण्हेरीच्या कुळातले आहे, त्याच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. टांझानियातले हाद्झा शिकारी बाणांना लावायचे विष याच वर्गातल्या झाडापासून करत आले आहेत. डोळ्यांना हात लावू नका, लहान मुले आणि मांजर-कुत्रे जवळ नसू द्या आणि कापलेले तुकडे लगेच गोळा करून टाका.

मुळांवरची सगळी माती धुऊन टाका. काळी, पोचट झालेली मुळे कापा. मग धारदार सुरी स्पिरिटने पुसून बुंध्याचा मऊ भाग काढायला लागा. प्रत्येक काप उजेडात नीट बघा. निरोगी गर पांढरा किंवा किंचित पिवळसर आणि करकरीत असतो. त्यात तपकिरी ठिपका, रेघ किंवा कडे दिसले, तर अजून कापायचे बाकी आहे. दर कापानंतर सुरी पुन्हा पुसा, नाहीतर तीच सुरी रोग निरोगी गरात नेते. इथे बहुतेकांचा हात कचरतो. चार वर्षे वाढवलेला बुंधा कापणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे, पण मागे राहिलेला हरभऱ्याएवढा डागही पुढे सगळे झाड खातो. बुंध्याचा पाव भाग गेला तरी अडेनियम जगते, जखमेच्या कडा भरत येतात आणि पुढे त्या खाचेमुळेच झाडाला जुनेपणाचे रूप येते. कापताना एवढे पाहा की जखमेचा उतार बाहेरच्या बाजूला असेल आणि तिच्यात पाणी साचणार नाही.

कापलेल्या जागी मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची घट्ट पेस्ट लावा. हळद लावणारे पुष्कळ आहेत. फांदीचा लहानसा काप असेल तर ती चालते, पण बुंधा कुजलेला असताना मी तिच्या भरवशावर राहत नाही. मग झाड उघड्या मुळांनी सावलीत, पंख्याखाली ठेवा. लहान जखमेला आठवडा पुरतो, मोठ्या जखमेला दोन ते तीन आठवडे लागतात. एवढे दिवस मातीबाहेर ठेवल्याने झाड मरेल अशी भीती बाळगू नका. बुंध्यातला साठा अशाच दिवसांसाठी असतो. जखम वाळून तिच्यावर कोरडी, बुचासारखी पापडी धरली की पूर्ण कोरड्या मिश्रणात लावा आणि त्यानंतरही आठवडाभर पाण्याचा थेंब देऊ नका.

गाभाच कुजलेला निघाला आणि तपकिरी रंग आडव्या कापात आरपार दिसला, तर बुंध्याची आशा सोडा आणि निरोगी फांद्या वाचवा. त्या बियांपासून केलेल्या रोपावर कलम करता येतात. पावसाळ्यात कलमे कमी बसतात, तरी फुलाचा रंग जपायचा असेल तर हाच मार्ग उरतो.

आता पावसाचे. या झाडाविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज "वाळवंटी गुलाब" या नावाने झाला आहे. आपल्याकडे सर्वाधिक विकले जाणारे अडेनियम ओबेसम मूळचे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातले आहे. सेनेगल-मॉरिटानियापासून सुदानपर्यंत, पुढे इथिओपिया, सोमालिया, केनिया, टांझानिया आणि तांबड्या समुद्रापलीकडे येमेन, ओमान, सौदी अरेबियापर्यंत ते पसरले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फोर्सकोल याने डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेत येमेनमध्ये त्याची नोंद केली आणि त्याला कण्हेरीच्याच वर्गात घातले. फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्येच वारला. त्याच मोहिमेतला कार्स्टेन नीबूर तिथून मुंबईला आला, घारापुरीची लेणी पाहून त्याने त्यांची चित्रे काढली आणि पुढे १७७५ मध्ये फोर्सकोलच्या नोंदी त्यानेच छापल्या. अडेनियम हा वेगळा वर्ग १८१९ मध्ये झाला.

साहेलमध्ये पाऊस कधी पडतो? साधारण जून ते सप्टेंबर. म्हणजे आपल्याच महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे, तेव्हा झाड पाने टाकून बुंध्यातल्या पाण्यावर दिवस काढते आणि पाऊस आला की पालवून वाढीला लागते. म्हणजे पावसाळा हा या झाडाचा जेवणाचा काळ आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीच्या पूर्व भागात गच्चीवर उघड्यावर ठेवलेली अडेनियम पावसाळ्यात छान पोसतात, कारण तिथला पाऊस साहेलच्या ओल्या भागाशी जुळणारा आहे आणि दोन सरींच्या मध्ये ऊन पडते.

ठाण्यात गणित बिघडते ते उजेडामुळे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, हवा दमट असते. झाड पाणी ओढते ते पानांतून बाष्प उडते म्हणून. ऊन नाही, वारा कोंडलेला आणि हवाच पाण्याने भरलेली असेल तर झाड पाणी पितच नाही. मग मातीतल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहतात, मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांतून पिथियम, फायटोफ्थोरासारखे रोगजंतू बुंध्यात शिरतात. बुंधा मऊ लागेपर्यंत खाली मुळांचा निकाल लागलेला असतो. म्हणून तुम्ही पाणी बंद केल्यावरही फरक पडला नाही.

तुमची गॅलरी दक्षिणेला आहे, तिच्यात आणखी एक अडचण दडलेली आहे. ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात ज्या गॅलरीत आतपर्यंत ऊन येते, तिच्यात याच दिवसांत थेट ऊन जवळजवळ येत नाही. वर छज्जा असेल तर पाहायलाच नको. त्या अंधारात कुंडी ओली राहिली. पुढच्या वर्षी मेअखेर झाड गच्चीवर हलवता आले तर उत्तम. तिथे पारदर्शक पत्र्याखाली, बाजू मोकळ्या ठेवून, भरपूर उजेड आणि वारा मिळेल असे ठेवा. गच्ची नसेल तर गॅलरीच्या ग्रीलच्या अगदी बाहेरच्या कडेला ठेवा आणि जून ते ऑगस्ट कुंडी हाताने उचलून पाहा. जड लागते तोवर पाणी देऊ नका.

उजेडाखालोखाल महत्त्व मातीच्या मिश्रणाला आहे. नर्सरीतून येणारे झाड बहुधा लाल मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) असते. नर्सरीत रोज ऊन आणि ठरलेले पाणी असते म्हणून त्यांचे भागते. घरी आणल्यावर पहिल्या कोरड्या हंगामात ते मिश्रण काढून टाका. माझे मिश्रण असे: दोन भाग सिंडर किंवा विटांचे तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. सिंडर म्हणजे बॉयलरमधला जळका कोळसा. तो ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या आकारापर्यंत चाळून घ्यायचा आणि भुकटी निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. हे धुणे टाळू नका, कारण तीच भुकटी तळाशी बसून भोके बुजवते. बांधकामाची क्रश सँड वापरणार असाल तर तीही अशीच धुवा. कोकणात मी कोकोपीट घालत नाही, कारण एकदा भिजले की त्याला वाळायला फार वेळ लागतो. लातूर-सोलापूरकडे उन्हाळ्यात कुंडी दिवसात सुकते, तिथे खताचा भाग दीडपट करायला हरकत नाही. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. ते वर तळ्यासारखे न थांबता लगेच खालून वाहू लागले पाहिजे. कुंडीखाली बशी ठेवू नका. दोन विटांवर ठेवा म्हणजे भोकाला वारा लागतो.

पाणी देताना दोन चमचे शिंपडण्यात अर्थ नाही. द्यायचे ते भोकातून वाहेपर्यंत द्या आणि वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका. मार्च ते मे या काळात झाड पानांनी भरलेले असेल तर लहान कुंडीला रोजही पाणी लागते. "वाळवंटी आहे" म्हणून उन्हाळ्यात उपाशी ठेवलेले झाड वाढत नाही, मग लोक त्याला खतांचा मारा करतात आणि मुळे जळतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना एक सांगणे आहे. मातीवर पांढरा थर आणि पानांची टोके करपलेली दिसत असतील तर तो क्षारांचा परिणाम आहे. मिश्रण मोकळे असेल तर पहिले दोन-चार चांगले पाऊस झाडावर जरूर पडू द्या, क्षार धुऊन जातात.

आता बुंधा. बाजारात त्याला कॉडेक्स म्हणतात. तो फुगतो तो मूळ आणि खोड यांच्या सांध्यापाशी, आणि तो चांगला होतो बियांपासून वाढलेल्या रोपालाच. फांदी लावून केलेल्या झाडाला मुळे फुटतात, फुलेही येतात, पण तसा डौलदार बुंधा सहसा धरत नाही. नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची, काळपट लाल किंवा पट्ट्यांची फुले असलेली झाडे म्हणजे बियांच्या बुंध्यावर केलेली कलमे. थायलंड आणि तैवानमध्ये या जातींवर खूप काम झाले आहे. कलमाच्या सांध्याखालून फुटणारे धुमारे वेळेवर काढत राहा. ते राहू दिले तर जोर धरतात, वरची कलमी फांदी मागे पडते आणि एक दिवस साधी गुलाबी फुले दिसू लागतात.

"थाई सोको" नावाने विकले जाणारे रोप घेताना ते सोकोट्रा बेटावरचेच आहे असे धरून चालू नका. सोमालियाच्या टोकापासून समुद्रात असलेले, राजकीयदृष्ट्या येमेनचे हे बेट २००८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथली अडेनियम खडकांच्या फटींतून उभी राहिलेली, शिंदीच्या बुंध्यापेक्षाही जाड होणारी, फार संथ वाढणारी झाडे आहेत. थाई सोको हे देखणे, भरपूर फांद्यांचे बागेतले वाण आहे. त्याच्या सौंदर्यात काही उणे नाही, फक्त सोकोट्राच्या नावाने जास्त पैसे मोजू नका.

बुंधा जाड होतो तो पानांनी केलेल्या अन्नावर. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे झाडाला मोकळे वाढू द्या, दर महिन्याला शेंडे खुडत बसू नका. रुंद, उथळ कुंडी द्या, दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन द्या. पुनर्लागवड करताना मुळांखाली जुनी सीडी किंवा चपटी फरशी ठेवण्याची पद्धत चांगली आहे. सरळ खाली जाणारी मुळे अडून आडवी पसरतात आणि पुढे तीच जाड होऊन बुंध्याला बैठक देतात. दर एक-दोन वर्षांनी झाड इंचभर वर उचलून लावतात, त्याने मुळे दिसू लागतात. उचलल्याने बुंधा वाढत नाही, झालेली वाढ फक्त दिसते. एकदम चार इंच उचललेल्या झाडाची नाजूक साल उन्हाने भाजते. नव्याने उघडी पडलेली मुळे दोन आठवडे तरी सुतळीच्या गोणपाटाने किंवा शेडनेटने झाका.

नत्राचा अतिरेक टाळा. युरिया आणि कोंबडीखताने पाने मोठी आणि हिरवीगार होतात, पण फांद्या लांबट आणि बुंधा पोकळ-भुसभुशीत होतो, आणि असाच बुंधा पावसाळ्यात आधी कुजतो. फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, एवढे पुरते. फुलोऱ्याच्या आधी दोन वेळा ०:५२:३४ हे नत्र नसलेले खत द्या. निंबोळी पेंड उन्हाळ्यात मिसळा, भर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि चिलटे होतात.

बियांपासून रोपे करणे हा या झाडाचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. अडेनियम स्वतःच्याच परागाने सहसा शेंग धरत नाही, निदान दोन वेगळी रोपे लागतात. फुलाच्या नळीत परागकोष मिळून एक मिटलेला शंकू होतो. नळी एका बाजूने चिरून, बारीक कुंचल्याने शंकूच्या आतले पराग घ्यायचे आणि दुसऱ्या फुलाच्या शंकूच्या खालच्या फटीतून आत पोचवायचे. साधले तर शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या पिकून तडकायच्या आधी दोऱ्याने बांधा, कारण बीच्या दोन्ही टोकांना रेशमी केस असतात आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळे बी उडून जाते. ताजे बी आडवे ठेवून वर अर्धा सेंटिमीटर बारीक वाळू पसरायची. फेब्रुवारी-मार्चच्या उबेत ते साधारण आठवड्यात उगवते. तेव्हाच पेरण्याचे कारण असे की पाऊस येईपर्यंत रोपाचा बुंधा बोटाएवढा व्हायला लागलेला असतो. जुलैत पेरलेली रोपे बहुतेक सडतात. पहिल्या वर्षीची रोपे कोकणात तरी छपराखालीच ठेवा.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या जाती कोणी मिळवून दिल्या तर त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे हे लक्षात असू द्या. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातले अडेनियम मल्टिफ्लोरम तिथल्या कोरड्या हिवाळ्यात पानांवाचून फुलते, आणि त्याला फुलायला तशीच ठाम कोरडी विश्रांती लागते.

किडींत तीनच जपण्यासारख्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी होतो, पाने धुरकट, ठिपकेदार दिसतात. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालून जोराने पाणी मारले की बरेचसे भागते. चाळीस अंशांच्या उन्हात गंधक किंवा नीमतेल मारू नका, पाने भाजतात. दुसरी कीड म्हणजे कण्हेरीवरचा मोठा हिरवा सुरवंट, मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असलेला. तो एका रात्रीत अख्खी फांदी बोडकी करतो. कुंडीच्या मातीवर काळ्या जाड लेंड्या दिसल्या की वर शोधा, हाताने काढता येतो. तिसरा पिठ्या ढेकूण, तो फांद्यांच्या बेचक्यात दिसेल, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

हिवाळ्यात नाशिक, पुणे, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी होऊन गळतात, तो आजार नसतो. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की झाड थांबते. तेव्हा पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही उन्हाच्या वेळी, पुरते. निफाडसारख्या ठिकाणी काही वर्षी पारा पाच अंशांखाली जातो, त्या रात्री झाड आत घ्या. ठाण्यात ही चिंता नाही, पाने टिकूनही राहतील.

तुमच्या झाडाचे पुढचे वेळापत्रक सांगतो. जखम वाळवून ऑगस्टअखेर ते कोरड्या मिश्रणात लागेल. सप्टेंबरात आठवड्यातून एकदा थोडे पाणी, खत मुळीच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात फांद्यांच्या टोकांना कोवळी पालवी आली म्हणजे खाली नवी मुळे धरली असे समजा आणि मगच हळूहळू पूर्ण उन्हात न्या. आधीच उन्हात नेले तर मुळांवाचून ते सुकेल. या हिवाळ्यात कळ्या आल्या तर खुडून टाका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हवा कोरडी असताना, लांबलेल्या फांद्या एक तृतीयांश छाटा, कापावर बुरशीनाशक लावा आणि चार दिवस पाणी देऊ नका. छाटलेल्या प्रत्येक टोकाखालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि फुले त्यांच्याच टोकांना येतात. नवी फूट फुलायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे पुढच्या मे-जूनमध्ये फुलांची वाट बघा.